कॅमेऱ्यामागची मुलं

आमच्या देवासचं नाव निघालं की बाहेरगावची माणसं तीनच गोष्टी विचारतात. टेकडीवरची माता, कुमार गंधर्वांचं घर आणि नोटांचा छापखाना. (‘येताना एखादी गड्डी आणत जा ना!’ हा विनोद मी लग्न होऊन इथे आल्यापासून ऐकते आहे.) वाचणारा कुणी असला तर फॉर्स्टर नावाचा इंग्रज लेखक 1921 साली इथल्या महाराजांकडे नोकरीला होता, हेही सांगतो. पण याच जिल्ह्यात बागली नावाचं तालुक्याचं गाव आहे आणि तिथे खेड्यापाड्यातली मुलंमुली सिनेमे करतात, हे कुणी विचारत नाही. देवासातल्याच कितीतरी घरांत ते माहीत नाही.

मला माहीत झालं ते ह्यांच्या बदलीमुळे. बँकेची नोकरी, त्यातली काही वर्षं बागलीला. मी मुलांच्या शाळेसाठी देवासलाच राहिले, पण सुट्टीत जाऊन राहायचे. माळव्याचं पठार तिथे संपत येतं, पुढे घाट उतरला की नर्मदेचं खोरं. कोरकू, भिलाला, बारेला लोकांची गावं. तिकडच्या बायका आठवड्याच्या हाटाला डोक्यावर गाठोडं घेऊन चालत यायच्या. जवळच नीमखेड्याला ‘समाज प्रगती सहयोग’ या संस्थेचं काम आहे. 1990 पासूनचं. पाणी अडवणं, बियाणं, बायकांचे बचत गट, सगळं. त्यांच्या केंद्राला आपल्या बाबा आमट्यांचं नाव दिलेलं आहे, ते पाहून मला उगीचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. तिथल्या बायका शिवणकाम करतात, ‘कुंबाया’ नावानं ते कपडे विकले जातात. माझ्या कपाटात त्यातला एक कुडता अजून आहे. एकही टाका उसवलेला नाही.

याच संस्थेत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेल्या दोघांनी, पिंकी ब्रह्म चौधरी आणि शोभित जैन यांनी, सिनेमाचं काम उभं केलं. आमच्या महिला मंडळात मी हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न काय आला असेल? “जैन? कुठले? दिगंबर की श्वेतांबर?” मी म्हटलं, अगं, आधी काम तर ऐका!

काम असं आहे. पुण्यात शिकलेला माणूस साधारणपणे मुंबईला जातो. हे दोघं आले बागलीला. आणि आल्यावर त्यांनी गरिबांवर सिनेमे काढून महोत्सवात दाखवायचे, एवढ्यावर भागवलं नाही. गावातल्याच मुलामुलींना कॅमेरा धरायला, आवाज घ्यायला, कापून जोडायला शिकवलं. आदिवासी घरांतली, दलित घरांतली मुलं. ज्यांच्या घरात फोटो म्हणजे रेशनकार्डावरचा, तेवढाच. आता हीच मुलं सिनेमे करतात. रोजगार हमीची मजुरी कशी मागायची, औषधं न फवारता कापूस-गहू कसा काढायचा, बचत गटात काय होतं, असे विषय. भाषा तिथलीच, चेहरे तिथलेच. आणि दाखवायचे कुठे, तर गावात, रात्री पडदा लावून, जमिनीवर बसलेल्या लोकांना.

हे वाचायला फार कोरडं वाटतं, मला कल्पना आहे. मजुरीवर सिनेमा कोण बघणार, असंच आपल्याला वाटतं. पण विचार करा, जी बाई आयुष्यभर पडद्यावर हिरॉइनीच बघत आली, तिला अचानक आपल्याच शेजारच्या गावची बाई, आपल्यासारखाच पदर घेतलेली, आपल्याच बोलीत सरपंचाला प्रश्न विचारताना दिसते. ती सिनेमा बघत नसते. ती हिशेब करत असते, की मग मीही विचारू शकते की काय?

आपल्याकडे चांगल्या घरातल्या मुलींनी सिनेमात जाऊ नये, असं म्हणायची पद्धत आहे. गरीब घरातल्या मुलींनी तर नाहीच नाही, कारण त्यांना बदनामी परवडत नाही. या म्हणण्याला सिनेमाएवढाच इतिहास आहे. 1913 साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी एक बाई मिळेना, शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला तारामती करावं लागलं. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पुढे आल्या आणि फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केलं. पण मला या दोघींइतकंच अप्रूप सरस्वतीबाई फाळक्यांचं वाटतं. दागिने दिले, कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला, आणि रात्री बसून फिल्मच्या कडेला भोकं पाडली. तेव्हा कोरी फिल्म यायची, भोकं पाडल्याशिवाय ती यंत्रात चालायची नाही. म्हणजे आपल्या देशातल्या पहिल्या सिनेमाच्या मागे एक गृहिणी यंत्रावर बसलेली होती. पडद्यावर बाई नव्हती, पडद्यामागे होती. हे मंडळात सांगितलं की बायका जरा सैल होतात. मी ही गोष्ट वारंवार वापरते.

मराठी वाचकांना या विषयात नागराज मंजुळे जास्त जवळचे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. नगरच्या कॉलेजात शिकताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब मुलाची गोष्ट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ‘फँड्री’. त्यातला जब्या, सोमनाथ अवघडे, केम गावचा. मंजुळ्यांनी त्याला हलगी वाजवताना पाहिला आणि धरून आणला. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार. अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू ‘सैराट’मुळे एका दिवसात एवढी प्रसिद्ध झाली की तिला रोज शाळेत जाणं अशक्य झालं आणि दहावी बाहेरून द्यावी लागली. यांच्यातलं कुणीही सिनेमाच्या शाळेत गेलं नव्हतं.

‘फँड्री’ आमच्या घरी टीव्हीवर पाहिला तेव्हा मला अर्ध्यात उठावंसं वाटलं होतं. डुक्कर पकडायचा तो लांबलचक प्रसंग. आमचं घर जैनांचं, मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारं. पण त्या प्रसंगात मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि डुकरामागे धावणारं ते सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर मात्र चालत राहतं. मी बसूनच राहिले. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्या दिशेनं येतो आणि पडदा काळा होतो.

त्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगीही दारात उभी राहून बघत होती. मराठी तिला आमच्या घरी ऐकून ऐकून कळतं. तिनं विचारलं, “काकीजी, पत्थर हमको क्यों मारा?”

मी म्हटलं, “तुला नाही मारला गं.”

ती म्हणाली, “तो फिर किसको?”

तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. तिच्याबद्दल पुढे सांगते. त्याआधी ‘झुंड’चं सांगायला हवं, कारण या विषयातली खरी अडचण तिथे आहे.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. त्यावर मंजुळ्यांनी 2022 मध्ये ‘झुंड’ काढला. अमिताभ बच्चन एकीकडे आणि नागपूरच्या वस्त्यांमधली खरीखुरी पोरं दुसरीकडे. पोरं बच्चनच्या तोडीस तोड. आम्ही तो इंदूरला थिएटरात जाऊन पाहिला, टाळ्या वाजवल्या. आणि मग 2025 मध्ये बातमी वाचली की त्यातल्याच एका मुलाचा नागपुरात खून झाला. त्याआधी चोरीच्या प्रकरणातही तो पकडला गेला होता. वय विशीतलं.

त्या बातमीनं मला अस्वस्थ केलं. यात मंजुळ्यांचा दोष काढणारे लोक लगेच उगवले. ते मला पटत नाही. एक सिनेमा कुणाच्या अख्ख्या आयुष्याची जबाबदारी घेऊ शकत नाही. पण एवढं खरं, की पडद्यासमोर आलेल्या मुलावर जो उजेड पडतो तो चार महिन्यांत दुसऱ्यावर सरकतो, आणि मग ते मूल त्याच गल्लीत, त्याच घरात उभं असतं. आता फक्त सगळे त्याला ओळखत असतात. म्हणून मला बागलीचा मार्ग जास्त टिकाऊ वाटतो. तिथली मुलं पडद्यासमोर नाहीत, कॅमेऱ्यामागे आहेत. चेहरा जुना होतो, हातातली कला होत नाही. शिवणयंत्रासारखं आहे ते. उद्या संस्था नसली तरी आवाज घेता येतो, कापता येतं, जोडता येतं.

गोव्यात ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ म्हणून एक संस्था आहे, स्टालिन के. आणि जेसिका मेबेरी यांनी 2003 मध्ये काढलेली. त्यांचं आणखी वेगळं. देशभरातल्या गरीब वस्त्यांमधली माणसं तिथे शिकून आपापल्या गावचे व्हिडिओ पाठवतात आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात. व्हिडिओ करून थांबायचं नाही, तो साहेबाला नेऊन दाखवायचा आणि हातपंप दुरुस्त होईपर्यंत मागे लागायचं. सिनेमाची परीक्षा हातपंपावर! मला हे फार आवडलं. समीक्षकांनी ऐकावं असं आहे.

आता धारचं. माझे वडील धारला कापडाचं दुकान चालवायचे. होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे भगोरिया. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. भिल्ल, भिलाला बायका गटागटानं यायच्या, कारण एका फळीतल्या सगळ्या मुलींना एकाच रंगाचं, एकाच वाणाचं कापड हवं असायचं. दहा मुली, एकच ठाण. कमी पडलं तर रुसवे. वडील महिनाभर आधी इंदूरहून माल आणून ठेवायचे. चांदीवाल्याकडे तशीच गर्दी, मांदल वाजायला लागले की आम्हा मुलांचं अभ्यासात लक्ष नसायचं. आमच्या लेखी भगोरिया म्हणजे सणाआधीची खरेदी, हार-कंगन, गुळाची जिलबी, भेटीगाठी.

आणि बाहेरचे कॅमेरेवाले येऊन काय दाखवतात? ‘पळून जाऊन लग्न करण्याचा सण’. गुलाल लावला की मुलगी पसंत, विडा खाल्ला की होकार, वगैरे. वर्षानुवर्षं तेच. तिथली शिकलेली आदिवासी मुलं चिडून सांगतात की हा आमचा हाट आहे, आमच्या बहिणींकडे असल्या नजरेनं बघू नका. पण कॅमेरा पाहुण्याच्या हातात. त्याला दोन दिवसांत गाडी पकडायची असते, आणि खरेदीची बातमी कोण छापणार? मला वाटतं, गरीब मुलांना कॅमेरा का द्यायचा, या प्रश्नाचं मला कळणारं उत्तर एवढंच आहे. त्यांच्या बहिणींचा फोटो कुणी आणि कसा काढायचा, ते त्यांना ठरवता यावं.

तर ती मुलगी. तिचं कुटुंब धार जिल्ह्यातलं, कुक्षीकडचं, भिलाला. वडील देवासला कारखान्यात रोजंदारीवर, आई चार घरची कामं करते. मुलगी बारावी झाली आणि एका शूटिंगवाल्याकडे लागली. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग. नवरा-नवरीच्या भोवती गुलाब फिरवायचे, वरातीला गाणं लावायचं, आत्याबाई रुसतील म्हणून आत्याबाईंना दोनदा दाखवायचं. लगीनसराईत रात्री-रात्री काम. पैसे आईच्या दोन घरांइतके. तिला कंटाळा आला. मला म्हणाली, “काकीजी, हर शादी में दुल्हन रोती है और मुझे हर बार म्यूजिक वही डालना पड़ता है.”

तिला बागलीचं मीच सांगितलं होतं. तिनं त्यांचे सिनेमे फोनवर शोधून पाहिले, आणि मग तिच्या डोक्यात काहीतरी शिरलं. शिकायला जायचं म्हणून बसली. आई माझ्याकडे आली, डोळ्यांत पाणी. कुक्षीकडचं स्थळ ठरत आलेलं, मुलगा बरा, दोन बिघे जमीन. “भाभीजी, तुम के दो, थारी माने हे ऊ,” तुमचं ऐकते ती, तुम्ही सांगा.

मी काय सांगणार? मला मुलगी असती तर मी तिला पुण्याला पाठवलं असतं, फी भरून, हॉस्टेल बघून. या बाईंना मी कुठल्या तोंडानं सांगू की दोन बिघे जमीन सोडा आणि कॅमेरा धरा? आणि कुठल्या तोंडानं सांगू की धरू नका? मी म्हटलं, “आधी तिला काहीतरी करून तर दाखवू दे.”

तिनं केलं. शूटिंगवाल्याचा स्टँड रविवारी उसना आणून, स्वतःच्या फोनवर. सात मिनिटांचा सिनेमा, आईचा एक दिवस. आमच्या महिला मंडळाच्या एका दुपारी, भजन झाल्यावर, आम्ही तो भिंतीवर चादर लावून पाहिला. मुलीची आई शेवटच्या ओळीत, दाराजवळ.

सकाळी पाचचा हापसा. मग चार घरं. चारही घरांचे चेहरे तिनं दाखवले नव्हते, फक्त मागची दारं, मोऱ्या आणि भांड्यांचे ढीग. पण बायकांना स्वयंपाकघर ओळखायला चेहरा लागत नाही. “अगं, हे तर तुझं टाकीचं झाकण!” असं कुणीतरी म्हणालं, हसू पिकलं. एका ओट्याखाली वेगळा ठेवलेला कप दिसला, कान तुटलेला. तेव्हा हसू थांबलं. कप कुणाच्या घरचा ते सगळ्यांना कळलं, कुणीच काही बोललं नाही. आमच्या घरातली फळी आली, उकळलेल्या पाण्याचं पातेलं आलं, आणि माझा आवाज: “उद्या जरा लवकर या हं, पाहुणे आहेत.” मी रोज वापरते तोच आवाज. मला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

पार्श्वसंगीत नव्हतं. नुसता भांड्यांचा आवाज. चारही घरांत भांड्यांचा आवाज वेगळा येतो, हे मला त्या दिवशी कळलं. कुठे पितळ, कुठे स्टील, कुठे नळाची धार बारीक.

संपल्यावर कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. आधी बोलली ती आई. ओळींमधून वाट काढत चादरीजवळ आली, जिथे आता काहीच नव्हतं तिथे बघत राहिली आणि मुलीला म्हणाली, “म्हारी कमर अतरी झुकी गी?”

माझी कंबर इतकी वाकली?

मुलगी म्हणाली, “हां बाई.” त्यांच्यात आईला बाईच म्हणतात.

स्थळाचं अजून होय-नाही झालेलं नाही. अखातीजला बघू, असं आई म्हणते. पण हल्ली ते म्हणताना माझ्याकडे न बघता मुलीकडे बघते. मंडळातल्या एकीनं माइकसाठी पैसे दिले. कोणी ते सांगू नको म्हणाली, म्हणून सांगत नाही. पण तुटक्या कानाचा कप आता त्या ओट्याखाली नाही, हे आईकडून मला कळलं.

मुलीला आता दुसरा सिनेमा करायचा आहे, भगोरियावर. तिच्या गावाकडच्या आत्या, मावश्या, मांदल वाजवणारे आजोबा यांच्याशी बोलून आली आहे. कापडाचंही हवं म्हणाली, दुकानाच्या आतल्या बाजूचं. म्हणून गेल्या आठवड्यात एका दुपारी ती माझ्याच स्वयंपाकघरात आली. पंखा बंद केला, फ्रिजही बंद केला, त्याची घरघर येते म्हणे. फोन डाळीच्या डब्यावर टेकवला, नवा माइक माझ्या पदराला लावला आणि सांगितलं, फोनकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं, मी मध्ये बोलणार नाही.

मी दहा मुली आणि एका ठाणाची गोष्ट सांगितली. तिला ती आवडली, हसली. मग म्हणाली, “काकीजी, दुकान पे उधारी किसको मिलती थी? और हमारे लोग क्या गिरवी रखते थे?”

आणि गप्प बसली. बागलीच्या मुलांचं बघून शिकली असावी ते. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. फ्रिज बंद असल्यामुळे घरात काहीच आवाज नव्हता. मला वडिलांची लाल वही आठवली, तिच्यातल्या नावांपुढे लिहिलेले चांदीचे कडे आणि हासळ्या आठवल्या, त्यातल्या काही आमच्या तिजोरीत होळीनंतरही राहायच्या तेही आठवलं. मी पदरावरचा माइक नीट केला आणि सांगायला लागले.